कुठंतरी पाणी मुरतंय

ब्रिजटाऊन, बार्बाडोस
६ जून १९८६

प्रिय मालनआत्या,

पुढं वाचायच्या आधी एक काम कर. मामा घरात असतील तर हे पत्र घेऊन स्वयंपाकघरात जा आणि कुकर चढव. शिट्ट्या झाल्या की माणसाला जरा एकांत मिळतो.

गेलीस? आता सांगते. आबांना मी कळवलंय की यंदाच्या सुट्टीत निशिगंधा विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसून प्रबंधाचं काम करणार आहे. यातलं प्रबंधाचं काम तेवढं खरं. उद्या सकाळी मी जहाजावर चढतेय. ऑगस्ट संपेपर्यंत समुद्रातच.

साधं जहाज नाही हे. मधोमध लोखंडी मनोरा आहे, आपल्या कोयनेच्या विजेच्या खांबासारखा, पण चांगला दांडगा. त्यातून पाइपाला पाइप जोडत पार समुद्राच्या तळाशी पोचायचं, तिथं भोक पाडायचं आणि खालचा चिखल वर काढायचा. मला चिखलासाठी घेतलंय. शेतकऱ्याची मुलगी, दुसरं काय देणार!

आपल्या घरात 'समुद्र' हा शब्द कुणी काढत नाही, हे तुला सांगायला नको. ज्ञानोबाकाका दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी फौजेच्या बोटीत चढले आणि परत आले नाहीत, तेव्हा तू एवढीशी होतीस. मला इकडं पाठवताना आबांनी एकच अट घातली होती : "विमानानं जायचं, विमानानं यायचं. पाण्यावर पाय ठेवायचा नाही." मी मान हलवली. होकाराची की नकाराची, ते त्यांनी विचारलं नाही.

तर तुझं काम असं. मी तुला पत्र लिहीन, त्याच पाकिटात आबांसाठी एक वेगळी चिठ्ठी असेल. ती तू गावाकडं पाठवायची. सांगायचं, निशीला टपालखर्च परवडत नाही, म्हणून दोन घरांची पत्रं एकाच पाकिटात घालते. काटकसर म्हटली की आबा पुढचं काही विचारत नाहीत. मला तू या बंदरातल्या पत्त्यावर लिही. इथून मधूनमधून एक लाँच सामान आणि टपाल घेऊन जहाजाकडं येते.

तू नाही म्हणशील याची भीती वाटली होती. म्हणून तुझं उत्तर यायच्या आत निघतेय.

तुझी (बिघडलेली) भाची,
निशी


जवाहर नगर, जयपूर
२४ जून १९८६

निशे,

आशीर्वाद मागाहून. आधी कान इकडं कर.

तुझं पत्र वाचता वाचता कुकरच्या इतक्या शिट्ट्या झाल्या की वरणाचं पिठलं झालं. तुझ्या मामांनी तेही ओरपलं. फौजेत चाळीस तऱ्हेची वरणं खाल्लीत त्यांनी. पण पाकीट मी मेजावर विसरले होते. हात धुऊन आले आणि तिकिटावर बोट ठेवून म्हणाले, "बार्बाडोस? हे तर फास्ट बोलरांचं गाव. निशी अमेरिकेत ना?"

मी म्हटलं, "तिकिटं संपली असतील त्यांच्याकडची. शेजारून उसनी आणली असतील."

"मालन," ते म्हणाले, "कुठंतरी पाणी मुरतंय."

आता सुभेदार नवऱ्याशी कोण लढणार? सगळं सांगावं लागलं. तासभर येरझाऱ्या घातल्या आणि मग तह झाला. आपण होऊन ते सांगणार नाहीत. पण कुणी तोंडावर विचारलं तर खोटं बोलणार नाहीत. मतलब, दादानं विचारायला सुरुवात केली की यांना घराबाहेर काढायचं, ही जोखीम माझी.

तुला हसू येत असेल. मला एकदा आलं आणि मग गेलं. थोरले दादा मला फार आठवत नाहीत. बुटाच्या पॉलिशचा वास आणि मला उचलून घेताना टोचणारं बटण, बस, एवढंच. पण त्यांच्यामागं आई कशी झाली ते आठवतं. म्हणून विचारते, चिखल बघायला एवढ्या लांब पाण्यात कशाला जावं लागतं? आपल्या गावच्या तळ्यात काय कमी होता? आणि एवढं शिकून त्या चिखलाचं तू करतेस काय? नीट लिही. उडवाउडवी केलीस तर मी सरळ दादाला तार करीन.

आता दुसरी बातमी. दादाच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेत. तो माजी सैनिक, म्हणून इथल्या मिलिटरी हॉस्पिटलात यांनी सोय केलीय. जुलैत तो आमच्याकडं येतोय, दोन्ही डोळे होईपर्यंत इथंच राहील. वहिनी म्हशी सोडून येऊ शकत नाहीत. म्हणजे तुझी चिठ्ठी गावाकडं पाठवायची कटकट मिटली. तुझं पत्र, तुझा बाप आणि मी, तिघं एका कूलरच्या वाऱ्यात!

जपून राहा. कठड्यापाशी उभी राहू नकोस.

आत्या


जहाजावरून
१२ जुलै १९८६

प्रिय आत्या,

तार करू नकोस. नीट लिहिते.

तू श्रीखंडासाठी दही फडक्यात टांगतेस ना? समुद्राच्या तळाचा चिखल म्हणजे न टांगलेलं दही. निम्म्याहून जास्त पाणीच. लाखो वर्षं बारीक माती तळाशी बसत जाते आणि तिच्या कणाकणांमध्ये पाणी अडकून राहतं.

आता समुद्राचा तळ जागच्या जागी नसतो. नख वाढतं तितक्या सावकाश तो सरकत असतो. आणि आम्ही आहोत तिथं तो शेजारच्या तुकड्याखाली शिरतो, गादीखाली चादर खोचावी तसा. शिरताना वरचा थोडा चिखल खरवडला जाऊन बाहेरच साचतो. बाकीचा पाण्यासकट आत ओढला जातो. मग वरून सगळा भार येतो आणि तो पिळला जातो. पिळलेलं पाणी कुठल्या वाटेनं बाहेर येतं? किती येतं? आणि जे येत नाही, ते पृथ्वीच्या पोटात कुठवर जातं? एवढंच शोधायला आम्ही एवढी माणसं इथं डुलतोय. गावच्या तळ्याखाली दुसरं गाव शिरत नाही, नाहीतर तिथंच बसले असते.

माझं काम सांगते, पण शेजारणींना सांगू नकोस. मी चिखल पिळते. वर आलेल्या चिखलाची चकती कापायची, बाहेरचा थर खरवडून टाकायचा, पोलादी भांड्यात घालून यंत्रानं दाबायची. खालच्या नळीत थेंब थेंब पाणी जमतं. त्यात मीठ किती आहे ते मोजायचं. सगळं हलत असतं, आत्या. खुर्ची, पेन, आमटी. पहिले चार दिवस मी फक्त आडवी होते. आता पायांना सवय झालीय.

आणि आता जे आबांच्या चिठ्ठीत लिहिलेलं नाही ते. जिथं एक तुकडा दुसऱ्यावरून घसरतो, त्या फटीतला चिखल परवा वर आला. मी पिळला. पाणी समुद्रापेक्षा कमी खारट निघालं. थोडंथोडकं नाही, डोळ्यात भरेल इतकं कमी. मी धावत आमच्या मुख्य शास्त्रज्ञांकडं गेले. त्यांनी आकडा बघितला, माझ्याकडं बघितलं आणि सगळ्यांसमोर विचारलं, "भांडं गोड्या पाण्यानं धुतलं होतंत ना? मग कोरडं पुसलं होतंत का?"

पुसलं होतं. मी नेहमी पुसते. पण रात्रीच्या जेवणाला माझ्या ताटाशी कुणीतरी नळाच्या पाण्याचा पेला ठेवला होता. वर चिठ्ठी : 'समुद्राच्या तळातून, खास निशीकडून.' मी पण हसले. हसल्यावर मात्र खोलीत जाऊन बसले. जहाजावर मी सगळ्यात नवी. आकडा एकदा 'चुकीचा' ठरला की पुढं माझ्या कुठल्याच आकड्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही. प्रबंध राहिला बाजूलाच, मला चकत्यांना चिठ्ठ्या चिकटवायला बसवतील.

आबांचे डोळे कसे आहेत? त्यांची चिठ्ठी सोबत आहे. तीत फक्त पुस्तकं आहेत.

निशी


जवाहर नगर, जयपूर
२७ जुलै १९८६

चि. निशी,

तुझ्या आबाच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधून ठेवलीय. चांगलं झालंय म्हणतात. दादा खाटेवर पडून रेडिओ ऐकतो आणि सगळ्यांना हुकूम सोडतो.

तुझं पाकीट आलं तेव्हा मी त्याच्याजवळच गवार निवडत होते. मी चिठ्ठी वाचून दाखवली. आबा, मी ठीक आहे, ग्रंथालय मोठं आहे, पुस्तकं खूप आहेत. संपली. दादा म्हणाला, "बस?" मी म्हटलं, "बस." तर म्हणतो, "मालन, माझे डोळे बांधलेत, कान नाही. मघाशी चार-पाच पानांचा आवाज आला. तुला एवढं आणि बापाला एवढंसं? वाच तुझं."

आता काय करू? "हे जरा बायकांचं आहे," म्हटलं. "वाच," म्हणाला.

वाचलं मग. म्हणजे डोळ्यांनी एक वाचलं आणि तोंडानं दुसरं. दही टांगायचं तेवढं जसंच्या तसं वाचलं, म्हटलं एवढ्यात काही धोका नाही. पण पुढं घाईत 'सगळं हलत असतं, आत्या' हे तोंडातून निघूनच गेलं.

"ग्रंथालय हलतं?" दादा उठूनच बसला.

"भूकंप होतात रे तिकडं बारके बारके."

"भूकंप!" आता तो खाटेवरून उतरायलाच निघाला. तुला परत बोलवा म्हणाला. मी घाबरून म्हटलं, "नाही नाही, लिफ्ट. लिफ्ट हलते. चुकून खालची ओळ वाचली."

मग चिखल आला. म्हटलं, पाऊस पडला असेल. पिळणं आलं. म्हटलं, कपडे धुते पोरगी. पहिले चार दिवस आडवी होते, हे मी गाळलंच. तुझे मामा दारात उभे होते. दादा त्या बाजूला तोंड करून म्हणाला, "दाजी, ही बरोबर वाचतेय का?" त्यावर सुभेदारसाहेब "कूलरमध्ये पाणी संपलंय" असं म्हणून बाहेर गेले. कूलर तासापूर्वीच भरला होता. बाहेर भरलेल्या कूलरमध्ये बादलीवर बादली ओतायला लागले, ते पाणी ओसंडून अंगणभर. इथं नळ सकाळी तेवढाच येतो, आणि हा माणूस खरं बोलण्यापायी पाणी सांडतोय!

पण निशे, त्या साहेबाचं आणि पेल्याचं आलं तेव्हा मला काही बदलता आलं नाही. 'साहेब म्हणतात हिनं मोजलेला आकडा खोटा आहे, सगळे हसले,' हे मी तसंच वाचलं. दादानं चाचपडत उशी पाठीशी ओढली. मग म्हणाला, "कागद घे. लिही." तो बोलला ते असं :

"पोरी, खोलीत बसून राहू नकोस. साहेबाला म्हण, तुम्ही इथं बसा, तुमच्या डोळ्यांदेखत परत करते. एकदा नाही, तीनदा. रायफल साफ नाही म्हणून हवालदार ओरडला तर आम्ही वाद घालत नव्हतो, त्याच्यासमोर खोलून दाखवत होतो. चूक निघाली तर कबूल कर. नाही निघाली तर गप्प बस, त्यालाच बोलू दे. एक लक्षात ठेव. आपल्या घराण्यात आजवर कुणी खोटं बोललेलं नाही."

इथं माझं पेन अडकलं. दादा विचारतो, "लिहिलंस?" म्हटलं, "शाई संपली रे."

दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात. चष्मा यायला महिना लागेल. तोवर आपण सुरक्षित आहोत. पण पुढच्या पत्रात कृपा करून काहीही हलवू नकोस.

आत्या


जहाजावरून
१३ ऑगस्ट १९८६

प्रिय आत्या,

तुझं पत्र इतक्यांदा वाचलं की कडा मऊ झाल्या. लिफ्टपाशी मी एवढी हसले की आमचा स्वयंपाकी बघायला आला.

आबांनी सांगितलं तसंच केलं. साहेबांना म्हटलं, "तुम्ही इथं बसा." ते चक्क स्टूल घेऊन बसले. भांडं त्यांच्यासमोर धुतलं, पुसलं, गरम हवेनं वाळवलं, त्यांना हात लावून बघायला दिलं. मग तीन चकत्या घेतल्या : एक फटीच्या वरची, एक फटीतली, एक खालची. वरचीचं पाणी जवळपास समुद्रासारखंच. खालचीचंही फार वेगळं नाही. फटीतलं परत कमी खारट. मी काही बोलले नाही. ते उठले, स्वतः बाह्या सारल्या, स्वतः भांडं धुतलं आणि नवी चकती स्वतः पिळली. मीठही स्वतःच मोजलं. तोच आकडा.

मग त्यांनी बोलायला सुरुवात केली आणि थांबेचनात! जर माझ्या हातानं गोडं पाणी मिसळलं असतं तर तिन्ही चकत्या बिघडल्या असत्या. फक्त फटीतलीच का? तर ते पाणी तिथलं नाहीच. मातीचे काही कण असे असतात, आत्या, की पाणी त्यांच्यामध्ये नुसतं साचत नाही, त्यांच्या अंगातच मुरलेलं असतं. कितीही पिळा, ते सोडत नाहीत. पण चिखल खूप खोल गेला, ऊब लागली, दाब वाढला की ते हार मानतात आणि आतलं पाणी सोडतात. त्या पाण्यात मीठ नसतं. ते निसटून या फटीच्या वाटेनं दूरवरून वर येतं, आणि वाटेत आमच्या पाइपाला सापडतं. साहेब म्हणाले, अजून पुष्कळ तपासायचं आहे, पण वाट सापडलीशी वाटते. रात्री जेवणाला त्यांनी नळाच्या पाण्याचा पेला स्वतःच्या ताटाशी ठेवून घेतला आणि सगळ्यांसमोर पिऊन टाकला.

नंतर विचारलं, "तीनदा करायची कल्पना कुणाची?"

"वडिलांची."

"ते काय करतात?"

"ऊस लावतात. आणि मी ग्रंथालयात आहे असं समजतात."

मला वाटलं हसतील. हसले नाहीत. म्हणाले, "मी तीस वर्षं जहाजांवर आहे. घरी एका तरी माणसाला तू कुठं आहेस हे माहीत पाहिजे, आणि ते माणूस तेच पाहिजे ज्याला सगळ्यात जास्त काळजी असते."

तेव्हापासून मला तुझ्या लिफ्टचंही हसू येईना. बंदराला लागले की आबांना सगळं खरं लिहिणार. ते काम माझं, तू त्यात पडू नकोस.

आज पत्र आटोपतं घेते. पूर्वेकडून वादळ येतंय अशी सूचना आहे. लाटा आत्ताच खिडकीपर्यंत येताहेत. पाच किलोमीटर पाइप वर ओढून घ्यायचा की तसाच धरून थांबायचं, यावर वर वाद चाललाय. लाँच घाईनं परत निघालीय, तिच्याबरोबर हे देतेय. बाकीचं नंतर.

निशी


जवाहर नगर, जयपूर
२ सप्टेंबर १९८६

निशी,

हे पत्र तुला मिळेल तेव्हा तू कुठं असशील मला माहीत नाही. विद्यापीठाच्या पत्त्यावर टाकतेय. यांनी काल तिथंच तारही केलीय. मिळाली असेल तर आधी उत्तर दे, मग हे वाच.

काल मी इथल्याच सोडाला भागात एका मैत्रिणीच्या बाळाच्या बारशाला गेले होते. इकडं सकाळीच दादाचा चष्मा आला होता. जाड भिंगांचा. मी गेल्यावर तो घरात एकेक गोष्ट वाचत फिरत होता म्हणे. कॅलेंडर, चहाचा डबा, शेजारच्या गुप्ताजींच्या दारावरची पाटी. तेवढ्यात पोस्टमन भैया आला आणि त्यानं दादाच्या हातात तुझं पाकीट दिलं. पाकिटावर माझं नाव होतं. पण आतलं अक्षर तुझं, आणि कित्येक महिन्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी दिसलेलं.

मी पुऱ्यांचा डबा घेऊन घरात आले तर दादा व्हरांड्यात बसला होता. पत्र मांडीवर. मला वाटलं आता ओरडेल. मी ओरडून घ्यायला उभीच राहिले. तो ओरडला नाही. एकच विचारलं, "ही बोट आत्ता कुठं आहे?"

"मला माहीत नाही रे दादा."

"वादळ कधीचं?"

"तारीख तेरा ऑगस्टची आहे."

"आज एक आहे." बस. मग उठून आत गेला. जेवला नाही.

संध्याकाळी हे आले. दादानं विचारलं, "दाजी, तुम्हाला ठाऊक होतं?" यांनी टाचा जुळवल्या आणि म्हणाले, "होतं." आणि निशे, दुसऱ्याच क्षणी एवढा मोठा उसासा टाकला की मला वाटलं रडतायत. म्हणाले, दोन महिने नुसता कूलर भरतोय. दादानं त्यांना फक्त सांगितलं, "नकाशा आणा."

युनिटमधून जगाचा नकाशा आणलाय. भिंतीला लावलाय. दादा त्याच्यासमोर खुर्ची घेऊन बसलाय. बार्बाडोस म्हणजे त्यात मोहरीएवढा ठिपका आहे. त्या जाड चष्म्यातून त्यानं तो शोधून काढला आणि आता बोट उचलायला तयार नाही. माझ्याशी अजून बोललेला नाही.

मी किती हुशारीनं वाचलं होतं गं! एकेक शब्द फिरवताना मजा वाटत होती. आज त्याच्याकडं बघवत नाही.

लवकर कळव. दोन शब्द कळव.

आत्या


तार, ४ सप्टेंबर १९८६

आनंदराव यांस, जवाहर नगर, जयपूर. आबा, सुखरूप किनाऱ्याला. काळजी नसावी. पत्र येत आहे. निशिगंधा


कॅलिफोर्निया
१४ सप्टेंबर १९८६

ती. आबा,

हे पाकीट तुमच्या नावाचं आहे. आत दुसरी चिठ्ठी नाही.

बंदराला लागल्यापासून तुम्हाला लिहायला तीनदा बसले आणि तीनदा पहिल्या ओळीवरच अडले. मग मामांची तार आली. आत्यावर रागावू नका. तिला मी भरीस घातलं. आणि मी समुद्रावर गेले याची माफी मागणार नाही, कारण ते खोटं होईल. तुम्हाला न सांगता गेले, याची मागते.

वादळाचं सांगते. पाइप वर ओढून घेतला. सगळ्यांनी मिळून, अख्खा दिवस. जहाज दक्षिणेला सरकलं आणि वादळ आमच्या उत्तरेकडून निघून गेलं. दोन दिवस लाटा होत्या. एक मोठं डाळीचं पातेलं उलटलं, एका माणसाचा हात मोडला, आणि मी माझ्या पाण्याच्या बाटल्या मांडीत घट्ट धरून जमिनीवर बसले होते. भीती वाटली. तुमची आठवण आली. हेही खरं आहे म्हणून लिहिते.

आत्यानं वाचलं त्यातलं काय खरं ते तुम्हाला आता ठाऊक झालं असेल. तुमच्या सांगण्यावरूनच मी साहेबांना समोर बसवलं. तो आकडा टिकला. आता त्यावर सगळ्यांच्या नावानं लेख होईल, त्यात माझंही नाव असेल.

जे पाणी चिखलाबरोबर आत जातं, त्यातलं बरंचसं पिळून परत येतं, पण सगळं नाही. थोडंसं फारच खोल जातं, शंभर किलोमीटरच्या आसपास. तिथं दगड तापलेला असतो पण वितळलेला नसतो. पाणी लागलं की तो थोड्या कमी उष्णतेतही वितळतो, आणि वितळलेला दगड वर चढतो. आम्ही होतो तिथून पश्चिमेला ज्वालामुखींच्या बेटांची रांगच्या रांग आहे. ती याच पाण्यानं उभी केली, असं समजतात. हे सगळं मला तुम्हाला आधीच सांगायचं होतं. ग्रंथालयातून सांगता येत नव्हतं.

एक विचारायचं आहे. पुढच्या वर्षी जपानजवळ असंच एक जहाज जाणार आहे. साहेबांनी माझं नाव सुचवलंय. मी अजून होकार दिलेला नाही. तुम्ही मान हलवाल तर या वेळी होकाराची की नकाराची ते नीट विचारून घेईन.

तुमची,
निशी


जवाहर नगर, जयपूर
३० सप्टेंबर १९८६

चि. निशिगंधा,

पत्र मीच लिहितोय. अक्षर मोठं आलंय ते चष्मा नवा आहे म्हणून, रागानं नव्हे. राग आहे तो वेगळा.

थोरल्याची बोट कुठं बुडाली ते सरकारनं आम्हाला कधी सांगितलं नाही. आई रोज विचारायची, कुठल्या दिशेला हात जोडू? मला सांगता यायचं नाही. आई गेली तोवर मला सांगता आलं नाही. तुझं पत्र वाचलं तेव्हा मी या व्हरांड्यात उभा राहून चारी दिशांना बघितलं, आणि तसाच उभा राहिलो. तू समुद्रावर गेलीस याच्यापेक्षा हे मला जास्त लागलं. एवढंच. परत लिहिणार नाही.

मालनला शिक्षा केली. तुझी सगळी पत्रं तिला पहिल्यापासून मोठ्यानं वाचायला लावली, जशीच्या तशी. एकीकडं मी, एकीकडं दाजी. लिफ्ट आली तिथं तिला हसू आवरेना. त्या दिवशी शाई का संपली ते तिनं कबूल केलं तिथं मला आवरेना. तुझी आत्या वकील व्हायची. आम्ही सुभेदाराला देऊन वाया घालवली. आता बोलतो तिच्याशी. तिनं श्रीखंड केलं होतं. ती फडकं पिळत होती तेव्हा मी जवळ जाऊन बघितलं. तू म्हणतेस ते बरोबर आहे, किती पिळलं तरी चक्का ओलाच राहतो.

परवा दाजी मला जयपूरबाहेर चौमूं गावाला घेऊन गेले होते. तिकडं विहिरी फार खोल आहेत आणि तळाला हातभर पाणी. एक म्हातारा कठड्याशी बसला होता. म्हणाला, पाणी पार खाली गेलं, साहेब. मी त्याला सांगितलं, माझी पोरगी त्याच्याही खाली गेलेल्या पाण्याची मोजदाद करते. त्यानं विचारलं, मग वर कधी येणार? मी सांगितलं, कळवतो. तेव्हा हेही कळव.

जपानला जा. होकाराचीच मान आहे. पण निघायच्या आधी जहाजाचं नाव, निघायचा दिवस आणि नकाशावर फुली, मला आली पाहिजे. आत्याला नंतर. आणि पोहायला शीक. कृष्णेत तुला मीच उतरू दिलं नाही. तुमच्याकडं तलाव असेल, त्यात उतर.

आता मुख्य काम. तुझ्या आईला यातलं काही कळवायचं नाही. मी पुरुष माणूस, फौजेतला, तरी दोन दिवस अन्न गेलं नाही. ती तर अंथरूण धरेल. मालन आणि मी ठरवलंय, तारामतीला ग्रंथालयच राहू दे. दाजी कूलर भरायला गेले.

पण मला सवय नाही गं. परवा तुझ्या आईला खुशालीचं पत्र टाकलं. तुझी तार समोरच भिंतीला लावलेली होती. तिच्याकडं बघत बघत लिहून गेलो, 'निशी सुखरूप किनाऱ्याला लागली, काळजी नसावी.' पत्र पेटीत पडल्यावर ध्यानात आलं. पेटीत हात घालून बघितला, पोचत नाही. दाजी म्हणतात खरं सांगून टाका. मालन म्हणते निभावून नेता येईल, पण सकाळपासून तिला काही सुचलेलं नाही. वाचून तारामती विचारणारच.

तेव्हा उलट टपाली कळव, तुमच्या त्या ग्रंथालयाला किनारा कुठला?

तुझा,
आबा